अम्मीच्या बाथरूमची कडी

आमच्या घरात चार महिने एका कडीवरून वाद चालला. साधी लोखंडी कडी. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते ती. बाथरूमच्या दाराला ती आतून असावी की नसावी, एवढाच प्रश्न. वाचून काहींना हसू येईल. मलाही आधी आलं असतं. पण ज्या घरात म्हातारं माणूस आणि वयात येणारी मुलगी एकाच छपराखाली राहतात, त्या घरच्यांना येणार नाही.

आम्ही मोहर्लीचे. ताडोब्याचा वाघ बघायला आलेल्या पुष्कळांनी आमचं गाव पाहिलंय, म्हणजे गावचं गेट पाहिलंय. चंद्रपूरहून दुर्गापूर, पद्मापूर, आगरझरी करत रस्ता येतो. पहाटे जिप्सींची रांग लागते, गाड्या आत जातात, आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. घरात अम्मी, बायको, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली.

जानेवारीतली गोष्ट. अम्मीची सवय अशी, की फजरची नमाज झाली, तसबीह झाली, की आंघोळ. थंडी असो की पाऊस. त्या दिवशी थंडी जास्त होती. बंबातलं पाणी तिने अंमळ जास्तच गरम घेतलं असावं. बायको स्वयंपाकघरात होती. बाथरूममधून तांब्याचा आवाज येत होता तो थांबला, आणि नंतर बादली कलंडल्यासारखा एक आवाज आला.

बायकोने हाक मारली, "अम्मी?" उत्तर नाही. दुसरी हाक. तिसरी हाक. मग तिने मला हाक मारली.

दार टिनाचं, कडी आतून. मी सब्बल आणली. कडी उखडली तरी दार उघडेना, कारण दार आत उघडणारं आणि अम्मी दारालाच टेकून पडलेली. मी खांदा लावून ढकललं. हातभर फट पडली. मी आत डोकावलो.

पुढचं सविस्तर लिहीत नाही. एवढंच सांगतो, की कपाळातून रक्त येत होतं, डोळे उघडे होते, शुद्ध होती. तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. आणि तिने पहिलं काय केलं असेल, तर दुखावलेला हात कपाळाकडे न नेता अंगावर ओढला. बायको मागून म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा." ती फटीतून आत शिरली. मी दोरीवरची चादर ओढून तिच्याकडे फेकली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. माझे पाय लटपटत होते.

अम्मीला चंद्रपूरला नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके पडले. खुबा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. म्हातारपणी रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, बसलेलं माणूस झटकन उठलं की दाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. जाता जाता ते म्हणाले, "आणि आजींना आतून कडी लावू देऊ नका."

संध्याकाळी घरी आलो. मोडकी कडी दाराला लोंबत होती. मी पक्कड घेतली, उरलेले स्क्रू काढले, कडी खिडकीत ठेवून दिली. घरच्यांना सांगितलं, आजपासून या घरात कुणीही बाथरूमला कडी लावायची नाही. आत कुणी असलं की दारावर लाल ओढणी टाकायची. ओढणी दिसली की समजायचं. सगळ्यांनी मान हलवली. अम्मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिला कुणी विचारलं नाही.

तिला विचारलं नाही, हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले.

*

कडी म्हणजे काय, हे अम्मीच्या पिढीतल्या बाईला ठाऊक आहे. मला ते माहीत असायला हवं होतं, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या लहानपणी आमच्या घराला बाथरूम नव्हतं. मागे सांदवाडीत एक न्हाणी होती. खाली फरशीचा दगड, तीन बाजूंना बांबूच्या ताट्या, त्यावर मातीचं लिंपण, वर आभाळ. चौथ्या बाजूला गोणपाटाचा पडदा. वारा आला की पडदा उडायचा, म्हणून खाली वीट ठेवायची. संडास तर नव्हताच. बायका पहाटे अंधारात पाच-सात जणी मिळून गावाबाहेर जायच्या, हातात कंदील आणि लोटा. दिवसभर मग जायचं नाही, पोटात कळ आली तरी. अम्मी सांगते, त्या काळी दुपारनंतर ती पाणीच प्यायची नाही.

आणि आमच्याकडे नुसती माणसांची भीती नव्हती. जंगल गावाला लागून. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1986 मध्ये अंधारी अभयारण्य झालं, 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कागदावर नावं बदलत गेली, पण वाघ-बिबट्या पहिल्यापासून शेजारीच. वन खात्याचे लोक आजही सांगतात, अंधारात एकटं जाऊ नका, वाकून किंवा उकिडवं बसू नका, कारण बसलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही, सावजासारखा दिसतो. म्हणजे ज्या कामासाठी बाई जायची, त्या कामात बसणंच सगळ्यात धोक्याचं.

म्हणून बायका बोलत जायच्या, मोठ्याने. सासूची तक्रार, भाजीचा भाव, काहीही. त्या आवाजाची दोन कामं होती. जनावराला कळायचं की इथे माणसं आहेत. आणि पुरुषांना कळायचं की इथे बायका आहेत. दोघांनीही वाट बदलावी.

न्हाणीचंही तसंच. आत कुणी असलं की ते अधूनमधून खाकरायचं. सांदवाडीत जाणारा माणूसही आधी खाकरायचा. अब्बा तर घरात शिरताना उंबऱ्याबाहेरच घसा साफ करायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. कडी नव्हती, दार नव्हतं, तरी माझ्या आठवणीत कुणी कुणाच्या न्हाणीत शिरल्याचा प्रसंग नाही. बांबूच्या चार ताट्यांवर ते घर चाललं, कारण घराला खाकरायची सवय होती.

पक्कं बाथरूम आलं ते मी डी.एड., बी.एड.च्या फेऱ्यात असताना. संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 पासून सुरू झालं होतं, गावोगावी संडास-बाथरूमची चर्चा होती. अब्बांनी शिलाईच्या मशीनवर साठवलेल्या पैशातून विटांचं बाथरूम बांधलं. वर सिमेंटचे पत्रे, टिनाचं दार, आतून कडी. पहिल्या दिवशी अम्मी आत गेली ती अर्धा-पाऊण तास बाहेर येईना. अब्बा अंगणातून ओरडले, "पूरा कुआं खाली करती क्या?" ती आतून म्हणाली, "आज खांसना नहीं पडा."

आज खाकरावं लागलं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं हे वाक्य. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

ती कडी मी पक्कड घेऊन काढली होती.

*

सहा आठवडे अम्मीचा हात प्लास्टरमध्ये होता. बायको तिला आंघोळ घालायची. सासूने सुनेकडून अंग धुऊन घेणं अम्मीला जड गेलं, पण दोघी बायका होत्या, निभावलं. माझ्याशी अम्मी बोलायची, पण डोळ्यांत बघून नाही. चहा घेताना नजर कपात. मला वाटलं, दुखण्यामुळे असेल.

प्लास्टर निघालं. ती पुन्हा एकटी आंघोळीला जाऊ लागली. लाल ओढणीचा कायदा चालू होता आणि तो चालत नव्हता. ओढणी कधी वाऱ्याने पडायची. कधी आतलं माणूस बाहेर आलं तरी ओढणी दारावरच राहायची, मग दुसरा उगाच ताटकळत बसायचा, आणि दोन-चार वेळा असं झालं की ओढणीवर कुणाचा विश्वास राहिना. लोक दार ढकलून बघू लागले.

ईदच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. घर भरलेलं. माझ्या बहिणीचा मुलगा, वय बारा-तेरा, धावत आला आणि त्याने दार ढकललं. त्याला बिचाऱ्याला ओढणीचं कुणी सांगितलंच नव्हतं. आत माझी मुलगी होती. ती किंचाळली. सगळे धावले. काही झालं नव्हतं, तो पोरगा आतलं काही दिसायच्या आधीच उलटा पळाला होता. मोठ्यांनी हसून विषय संपवला.

मुलीने संपवला नाही. ती दोन दिवस आंघोळीला गेली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "अब्बू, कडी कधी लावणार?"

मी म्हणालो, "बेटा, दादीचं काय झालं पाहिलंस ना?"

ती म्हणाली, "दादी पडली म्हणून माझी कडी का काढली? आणि दादीला तरी विचारलं का?"

मी तिला गप्प केलं. बाप गप्प करतो तसं.

मग एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस फजरनंतर बाथरूममधून फरशीवर काहीतरी जड घासत नेल्याचा आवाज आला. रोज येत असणार, मी त्या दिवशी ऐकला. अम्मी बाहेर आल्यावर बायको आत गेली आणि मला बोलावून दाखवलं. दाराच्या आत, कोपऱ्यात, मसाला वाटायचा आमचा जुना पाटा. अम्मी रोज तो पाटा सरकवून दाराला लावायची, त्यावर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आणि मग आंघोळ करायची. नुकतंच जुळलेलं मनगट. ओली फरशी. पुन्हा चक्कर आली असती, तर कडी तोडता तरी येते. पाटा, बादली आणि त्यामागे पडलेलं माणूस, हे दार मी कसं उघडलं असतं?

माझ्या सुरक्षेच्या कायद्याने अम्मीला अधिक धोक्यात घातलं होतं. आणि तिने तो धोका पत्करला होता, एक अक्षर न बोलता.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. विचारलं, अम्मी, हे काय? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दरवाजा तोडा, वो ठीक किया. मैं मर जाती. पर कुंडी कायकू निकाला? वो तो मेरी थी."

*

मी उर्दू शिकवतो. दस्तक हा शब्द मुलांना समजावून सांगतो. दस्त म्हणजे हात, त्यावरून दस्तक, दारावर हाताने केलेली टकटक. मराठीच्या तासाला सांगतो की परवानगी हा आपला रोजचा शब्द फारसीतून आलाय आणि आता पक्का मराठी झालाय. शब्दांचं मूळ मला ठाऊक. घरात मात्र ना दस्तक उरली होती, ना परवानगी.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय जाऊ नये असं सांगितलंय, ते बहुतेकांना माहीत असतं. त्याच सूरहमध्ये पुढे, 58 व्या आयतीत, घरातल्या घरातली गोष्ट आहे, ती कमी लोकांच्या लक्षात असते. फजरच्या आधी, दुपारी कपडे सैल करून पडण्याच्या वेळी आणि इशानंतर, या तीन वेळी घरातल्या नोकरांनी आणि लहान मुलांनीही विचारून आत यावं. 59 व्या आयतीत म्हटलंय की मुलं वयात आली की त्यांनी मोठ्यांसारखी नेहमीच परवानगी घ्यावी. म्हणजे एका छपराखाली राहणाऱ्या, रक्ताच्या माणसांतही पडदा आहे. तो परक्यांसाठीच असतो हा आपला गैरसमज आहे.

इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त एक हदीस आहे. एका माणसाने रसूलुल्लाह (सल्ल.) यांना विचारलं, आईकडे जातानाही परवानगी घ्यायची का? हो. पण मी तिच्याच घरात राहतो. तरी घ्यायची. पण मी तिची खिदमत करतो. तरी घ्यायची. तिला उघड्या अंगाने पाहणं तुला आवडेल का, असं त्याला विचारलं गेलं, तेव्हा तो नाही म्हणाला. ही हदीस मी लहानपणी मदरशात ऐकली होती. जानेवारीतल्या त्या सकाळनंतर ती पुन्हा वाचली, तेव्हा पहिल्यांदा कळली. त्या माणसाचे सगळे युक्तिवाद माझेच होते. मी तिच्या घरात राहतो. मी तिची सेवा करतो. मी तिच्या भल्यासाठीच केलं.

तुम्ही म्हणाल, मग काय दार तोडायचं नव्हतं? तीन वेळा विचारावं आणि उत्तर नाही आलं तर परत फिरावं, असाही दाखला हदीसमध्ये आहे. बायकोने तीन हाका मारल्या होत्या. आम्ही परत फिरायचं होतं का?

नाही. फिकहमध्ये त्याचंही उत्तर आहे. गरज निषिद्ध गोष्टीलाही मोकळीक देते, हा कायदा आपण सगळे जाणतो. जीव जात असेल तर दार तोडा, डोकवा, हात लावा. पण त्या नियमाला जोडून दुसरा नियम येतो आणि आपण तो सोयीने विसरतो: गरजेने दिलेली मोकळीक गरजेएवढीच असते. उस्मानी सल्तनतीने एकोणिसाव्या शतकात दिवाणी कायद्याची संहिता केली, 'मजल्ला', तिच्यातही 21 आणि 22 क्रमांकाला ही दोन कलमं लागोपाठ आहेत. सब्बल उचलायची मोकळीक मला त्या सकाळी होती. अम्मीला चादर मिळाली तिथे ती संपली. मी मात्र त्याच मोकळिकीवर संध्याकाळी पक्कड उचलली आणि पुढचे तीन महिने चालवली.

मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. मला जे समजलं ते सांगतो. कुणाचा जीव वाचवणं आणि त्याच्या वतीने त्याचा पडदा काढून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फर्ज असेल. दुसरीसाठी विचारावं लागतं.

*

घरात हे चालू असताना शाळेतली एक गोष्ट मला दिसली. म्हणजे ती रोजच समोर होती.

मी एवढ्या वर्षांत दोन-तीन शाळांत शिकवलं. सगळीकडे मुली संडासला जोडीने जातात. आम्ही मास्तर लोक स्टाफरूममध्ये हसायचो, यांना तिथेही गप्पा लागतात. माझ्या मुलीने मला सांगितलं, "अब्बू, एक आत जाते आणि एक दार धरून उभी राहते. कडीच नसते." शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असावीत असं लिहिलंय, आणि बहुतेक शाळांत ती बांधलीही गेली. पण दार आहे की नाही हे तपासणीत दिसतं, कडी लागते की नाही ते दार लावून पाहिल्याशिवाय दिसत नाही. आणि तपासायला येणारे आम्ही पुरुष.

चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये पारा 45 च्या आसपास जातो. अशा उन्हात पोरी पाण्याची भरलेली बाटली घरून आणतात आणि भरलेलीच परत नेतात. माझी अम्मी चाळीस वर्षांपूर्वी दुपारनंतर पाणी प्यायची नाही. मधे एवढ्या योजना आल्या. स्वच्छ भारतमध्ये एका कुटुंबाला संडासासाठी 12 हजार रुपये मिळाले, आमच्याही गावात घरोघरी संडास झाले, बायकांचं पहाटे कंदील घेऊन जाणं थांबलं. ही फार मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखत नाही. पण शेवटचं काम त्या छोट्याशा कडीचं असतं, आणि ते राहून जातं. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून दोन कड्या घेतल्या आणि शाळेच्या शिपाईकाकांना घेऊन बसवल्या. काम वीस मिनिटांचं होतं.

मग घरच्या दाराकडे वळलो. यावेळी आधी अम्मीला विचारलं. तिला काय हवं? "कुंडी." बायकोला विचारलं. तिला हवं होतं की पुन्हा तसं झालं तर दार उघडता यावं. मुलीला विचारलं. कडी. चौथीतल्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, "मला कशालाच कडी नको, आत कोंडलो तर?" त्याचंही बरोबर होतं.

चौघांची उत्तरं कागदावर लिहून सुताराकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, यात कठीण काय? दार उलटं फिरवू."

तेवढंच होतं. दार आत उघडणारं होतं, त्याने बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारं केलं. आता आत कुणी पडलं तरी दार अडत नाही. कडी नवीन आणली, अशी की आतून बंद होते, पण बाहेरच्या बाजूला एक खाच असते. नाण्याने किंवा पेचकसने फिरवली की बाहेरून उघडते. ती जरा खाली बसवली, म्हणजे फरशीवर बसलेल्या माणसाचाही हात पोहोचेल. भिंतीत धरायला लोखंडी दांडा. आत एक बुटका स्टूल. नंतर वाचताना कळलं, की अपंग व्यक्ती आणि वृद्धांसाठी इमारती कशा असाव्यात याबद्दल केंद्र सरकारने 2016 मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हेच आहे: स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, आतून बंद करता यावं आणि अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता यावं. म्हणजे पडदा आणि जीव यांतलं एक निवडा, असं तिथे कुणी म्हटलेलंच नाही. ते आम्हीच घरात ठरवून टाकलं होतं, कारण दार फिरवण्यापेक्षा कडी काढणं सोपं होतं.

ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी एवढं जरूर करावं. लहान मूल असेल तर कडी त्याच्या हाताबाहेर, उंचावर बसवावी. दोन्ही असतील तर बाहेरून उघडणारी कडी हाच उपाय. आणि शहरात ज्यांच्याकडे गॅसचा गीझर आहे, त्यांनी तो बाथरूमच्या आत ठेवू नये. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आतल्या माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. तिथे कडी लावली काय नि काढली काय, गीझरच बाहेर हवा आणि खिडकी उघडी हवी.

*

पण खरं काम कडीने झालं नाही. बाहेरून उघडणाऱ्या कडीत एक धोका आहेच: ती कुणीही उघडू शकतो. नाणं सगळ्यांकडे असतं. म्हणजे कडीवर भरवसा ठेवायचा तर आधी माणसांवर ठेवावा लागतो. मला वाटतं, कडी आल्यावर आमच्या घरातून जे गेलं होतं ते हेच. दार बंद असलं की आत कुणीतरी आहे, उघडं असलं की नाही, एवढा साधा हिशेब झाला आणि विचारायची गरजच संपली. अब्बांचं उंबऱ्यावर खाकरणं त्यांच्याबरोबर गेलं. मी ते कधी उचललं नाही. म्हणून मी कडी काढली तेव्हा त्या रिकाम्या जागी काहीच नव्हतं. बांबूच्या ताट्यांची न्हाणी सवयीवर उभी होती. आमचं विटांचं बाथरूम एका कडीवर उभं होतं.

आता घरात नियम असा आहे, की दार बंद असो की लोटलेलं, आधी आवाज द्यायचा. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला हे सांगायचं. माझ्या मुलाला याची भारी मजा वाटते. तो अंगणाच्या मध्यापासून, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा, खाकरत खाकरत येतो. अम्मी खाटेवरून हसते आणि म्हणते, "इसका दादा आया."

नव्या कडीच्या पहिल्या दिवशी अम्मी आत गेली, कडी लावली, पुन्हा काढली, बाहेर आली, बाहेरची खाच बोटाने चाचपली आणि मला विचारलं, "ये बाहर से कौन खोलेगा?"

मी म्हणालो, "दुल्हन खोलेगी. वो ना हो तो पोती."

"और तू?"

"कोई नहीं हो तो ही. और आंखें बंद करके."

तिने माझ्याकडे पाहिलं. जानेवारीनंतर पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहिलं. मग आत गेली. कडीचा आवाज आला.

भीती गेलीय असं नाही. ती जास्त वेळ आत राहिली की मी अजूनही अंगणात येऊन उभा राहतो. तांब्याचा आवाज ऐकत राहतो. तो थांबला की छातीत धस्स होतं. मग मी खाकरतो.

आतून उत्तर येतं, "जिंदा हूं रे. जा, चाय रख."